तोफांचे तेल-मेण

रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' तुम्हांपैकी पुष्कळांना नावाने तरी ठाऊक असेल. त्यातला झाडांविषयीचा उतारा शाळेच्या पुस्तकांतून आणि सभासंमेलनांतून वारंवार ऐकू येतो. आंबे-फणसांची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती तिच्या संमतीवाचून तोडू नयेत, असा त्याचा आशय. तो उतारा आहे आरमाराच्या प्रकरणातला. त्याच ग्रंथात दुर्गांचे, म्हणजे गडकिल्ल्यांचे, एक प्रकरण आहे आणि त्यात एक लहानशी आज्ञा आहे. वाचणारा बहुधा तिच्यावरून नुसता डोळा फिरवून पुढे जातो. ती आज्ञा अशी, की पावसाळा आला म्हणजे गडावरच्या तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे कान मेणाने बुजवावे, वर आच्छादन घालावे आणि तोफा वाया जाऊ देऊ नयेत.

आज आपल्याला बोलायचे आहे ते ह्या आज्ञेविषयी. तुम्ही म्हणाल, तोफेला तेल लावायचे, ह्यात इतिहास कसला? लढाया, तह, राज्याभिषेक हा इतिहास. तेलाची वाटी आणि चिंधी हा नव्हे. पण थोडे थांबा. लढाई एका दिवसाची असते. तोफ मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस गडावर उघडी पडलेली असते, आणि त्या सगळ्या दिवसांत तिचा शत्रू एकच. तो म्हणजे गंज.

आधी हे लिहिणारा माणूस कोण, ते पाहू. रामचंद्र नीलकंठ हे शिवछत्रपतींच्या कारकीर्दीत अमात्यपदावर आलेले. पुढे राजाराम महाराज १६८९ पासून १६९८ पर्यंत दक्षिणेत, जिंजीच्या बाजूला असताना, महाराष्ट्रातला कारभार त्यांनी 'हुकूमतपनाह' म्हणून सांभाळला. समोर औरंगजेबाची अफाट फौज, जवळ पैसा थोडा आणि आधार गडांचा. एकेक गड हातचा जाताना आणि पुन्हा मिळविताना त्यांनी पाहिला होता. म्हणून १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी महाराजांसाठी जेव्हा राजनीती लिहावयाची वेळ आली, तेव्हा त्यांनी केवळ मोठमोठी तत्त्वे सांगितली नाहीत. तटावर उगवलेली झाडे वरचेवर काढावीत, गवत जाळून गड स्वच्छ करावा, दारूखाना वस्तीपासून दूर असावा, अशा बारीकसारीक गोष्टी त्यांनी राजाज्ञा म्हणून लिहून ठेवल्या. तेल-मेणाची गोष्ट त्यांतलीच.

आता ही आज्ञा किती जाणतेपणाची आहे, ते पाहण्यासाठी गंज म्हणजे काय ते ध्यानात घ्यावे लागेल. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज चढतो. तिघांतले एक काढून घेतले की काम थांबते. म्हणूनच कोरड्या हवेत लोखंड पुष्कळ टिकते. ह्या तिघांना चौथा मदतनीस मिळाला, तर मात्र गंज दौडत येतो. तो मदतनीस म्हणजे मीठ, किंवा मिठासारखा कोणताही क्षार. कोकणच्या किनाऱ्यावरील किल्ला डोळ्यांपुढे आणा. सिंधुदुर्ग घ्या, विजयदुर्ग घ्या. चार महिने मुसळधार पाऊस आणि बाराही महिने समुद्राचा खारा वारा. लोखंडाच्या दृष्टीने ह्याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. घाटमाथ्यावर खारा वारा नाही खरा. पण तिथे पावसाळ्यात दिवसचे दिवस धुके उठत नाही. सूर्यदर्शन नाही, तर वाळणे कुठले?

धातूचाही प्रश्न होता. विजापूरची 'मुलूख-ए-मैदान' तोफ तुम्ही ऐकली असेल. ती १५४९ साली अहमदनगरला ओतली. ती तांबे आणि कथील ह्यांच्या मिश्रधातूची आहे. तांब्याच्या मिश्रधातूवर हिरवट थर येतो, पण तो थरच आतल्या धातूला झाकून धरतो. लोखंडाचे तसे नाही. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो पाणी शोषतो, पोपडे होऊन सुटतो आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा उघडे पाडतो. मग सगळ्या तोफा तांब्याच्याच का करू नयेत? कारण उघड आहे, तांबे महाग. तेव्हा गडोगडी लोखंडी तोफा आल्या, आणि त्यांच्याबरोबर तेलाचा खर्चही आला.

आता अमात्यांचे शब्द पाहा. नुसते तेल नव्हे, तेल आणि मेण. ही जोडी अनुभवातून आलेली आहे. तेल पातळ, ते बारीक भेगांत, खाचांत, बिजागरीच्या आत शिरते. पण मुसळधार पावसात ते उभ्या अंगावरून ओघळून जाते. मेण घट्ट, ते आत शिरत नाही, पण बाहेरून पाण्याला दाद देत नाही. दोन्ही एकत्र तापवून लावली तर एकाचे उणे दुसरे भरून काढते.

तेलातही निवड असते, आणि खेड्यातल्या माणसाला ती शिकवावी लागत नाही. जवसाचे किंवा करडईचे तेल पातळ थराने लावून ठेवले तर काही दिवसांनी ते वाळते आणि त्याची चिवट कातडी बनते. दरवाजाच्या लाकडाला, तोफेच्या बाहेरच्या अंगाला हे चांगले. पण बंदुकीच्या चापाला किंवा कमानीला तेच तेल लावाल, तर चार महिन्यांनी चाप हलायचा नाही! तिथे न वाळणारे तेल हवे. खोबरेल वाळत नाही, परंतु ते जुने झाले की खवट होते, आणि खवटपणा म्हणजे आम्ल. हे आम्ल हळूहळू धातूला खाऊ लागते. म्हणून वनस्पतींच्या तेलांचा नियम असा, की ती थोडी लावावीत, वरचेवर पुसून काढावीत आणि पुन्हा ताजी लावावीत. एकदा लावून निश्चिंत झालो, असे कधी म्हणू नये.

आज्ञेत तोफेच्या कानाचा उल्लेख आहे. कान म्हणजे तोफेच्या मागच्या अंगाला वर असलेले बारीक भोक. त्यात रंजक, म्हणजे बत्ती पोचविणारी बारीक दारू, घालून ती पेटविली की आतला बार उडतो. सगळ्या तोफेत हे सर्वांत नाजूक ठिकाण. तिथून पाणी आत गेले की ते नळीच्या बुडाशी साठते आणि कुणाला न दिसता आतून खात राहते. पुन्हा भोक गंजून रुंद झाले की बाराचा जोर तिथूनच वर निसटतो, आणि बत्ती देणाऱ्या माणसालाही धोका होतो. म्हणून कानात मेण. उपाय दोन पैशांचा, पण तो ठीक जागी केलेला.

दारूखान्याविषयीही अशीच तपशीलवार आज्ञा आहे. दारू ओलीपासून जपावी आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन ती, तसेच बाण वगैरे साहित्य, बाहेर काढून उन्हे द्यावीत आणि पुन्हा मोहोर करून ठेवावे. इथे शिक्षक मंडळींनी एक गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम दाखवावी. काम काय, ते सांगितले आहे. किती दिवसांनी, ते सांगितले आहे. आणि कोणी, तेही सांगितले आहे. 'दारूची काळजी घ्यावी' एवढेच लिहिले असते, तर ती काळजी कुणीच घेतली नसती.

आतापर्यंत आपण न उडालेल्या तोफेचे बोललो. उडालेल्या तोफेची आणि बंदुकीची कथा वेगळी आहे आणि तिच्यात खरी मेख आहे. जुन्या काळ्या दारूत सुमारे पाऊण भाग सोरा, बाकी कोळसा आणि गंधक. ही दारू जळते तेव्हा तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपानेच राहतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो, काही काजळीसारखा नळीला चिकटतो. ह्या काजळीत पालाशचे क्षार असतात. त्यांतला एक तर आपल्या चुलीच्या राखेत असतो तोच. पावसाळ्यात उघडी ठेवलेली राख आपोआप कशी ओलसर होते, ते तुमच्या घरातल्या बायकांना विचारा. तो क्षार हवेतले पाणी ओढून घेतो. म्हणजे बार उडविलेल्या नळीत आपण जणू ओल धरणारी राखच फासून ठेवतो.

अशा नळीत कोणी वरून तेल ओतले तर काय होईल? क्षार तेलात विरघळत नाहीत. ते तेलाखाली सुखाने राहतात आणि आपले काम करीत राहतात. बाहेरून नळी तेलाने चकाकते आणि आतून सडते. ह्यावर उपाय ऐकून नवख्याला नवल वाटेल. उपाय आहे पाणी! जे पाणी लोखंडाचे वैरी, तेच इथे पहिले औषध. गरम पाण्याने नळी धुवायची, म्हणजे क्षार विरघळून निघून जातात. नळी गरम झालेली असल्यामुळे ती लवकर वाळते. कोरड्या चिंधीने ती पुसायची आणि मग तेल. आधी पाणी, मग कोरडेपणा, शेवटी तेल. हा क्रम ज्याला कळला, त्याला शस्त्र राखण्याची विद्या कळली.

तलवारी, भाले, कट्यारी ह्यांना दारूचा उपसर्ग नव्हता. पण घामाचा होता. घामातही मीठच असते. त्यांच्यासाठी गावोगाव फिरणारे शिकलगार होते. पात्यावरचा गंज घासून काढणे, धार लावणे, चकाकी देणे हा त्यांचा पिढीजात धंदा. आणि आपल्या सणांचा क्रमही पाहा. पावसाळाभर फौजा छावणीला; पावसाळा सरता सरता खंडेनवमी, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी दसऱ्याचे सीमोल्लंघन. खंडेनवमीला शस्त्रे पूजेला मांडायची, म्हणजे त्याआधी ती बाहेर काढून घासूनपुसून लख्ख करावी लागत. पूजेचे पुण्य आपल्या जागी, पण मोहिमेला निघण्याआधी प्रत्येक शस्त्र एकदा नजरेखालून जात असे, हा लाभही काही थोडा नव्हे.

शस्त्राच्या तेला-चरबीने एकदा तर सारे राज्य हादरविले. ती गोष्ट १८५७ ची. कंपनी सरकारने शिपायांसाठी एन्फील्ड नावाची नवी रायफल आणली. तिचे काडतूस कागदाचे. आत मोजकी दारू आणि गोळी. गोळीकडच्या टोकाला स्निग्ध पदार्थ फासलेला असे. गोळी गजाने सहज खाली उतरावी, नळीतली काजळी मऊ राहावी आणि ओल आत शिरू नये, हा त्याचा हेतू. यंत्रविद्येच्या दृष्टीने बरोबरच होते. पण काडतूस दातांनी फोडावे लागे. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे बोलवा उठली, की त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे.

सरकारच्या ध्यानात चूक आली. काडतुसे चरबीवाचून द्यावीत आणि शिपायांनी त्यांना पटेल तो पदार्थ स्वतः बाजारातून आणून लावावा, असे त्याच महिन्याच्या अखेरीस ठरले. म्हणजे फिरून आपले तेल आणि मेणच! पण तोवर विश्वास उडाला होता. २९ मार्च रोजी बराकपूरला मंगल पांडे ह्यांनी शस्त्र उचलले. २४ एप्रिल रोजी मेरठला नव्वद घोडेस्वारांपैकी पंच्याऐंशी जणांनी काडतुसे घ्यायचे नाकारले. वास्तविक त्या दिवशीची काडतुसे जुन्याच प्रकारची होती, असे पुढे अभ्यासकांनी दाखविले आहे. पण तोपर्यंत कोण ऐकणार? ९ मे रोजी त्यांना सर्वांदेखत बेड्या घातल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले. त्या उठावाची कारणे पुष्कळ होती, संस्थाने खालसा करण्यापासून पगार-बढतीपर्यंत. एकट्या चरबीवर सारे लादणे इतिहासाला धरून होणार नाही. तरीपण एक धडा निघतो. अमात्यांनी जी आज्ञा दिली तिच्यातले तेल-मेण गडकऱ्याच्या घरातले, हाताओळखीचे होते. कंपनीने जे दिले त्यात काय आहे, हे ज्याने ते तोंडात धरायचे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. साधन निवडताना धातूचा स्वभाव पाहावा, तसा ते वापरणाऱ्या माणसाचाही पाहावा.

त्यानंतरच्या काळात जमिनीतून निघणारे खनिज तेल आले. ब्रह्मदेशात हाताने खणलेल्या विहिरींतून असे तेल काढण्याची रीत इंग्रजांच्या आधीपासून होती. तिथल्या तेलावरून 'रंगून तेल' हे नाव पडले आणि बंदुका साफ करण्याच्या कामी ते प्रसिद्ध झाले. खनिज तेलाचा मोठा गुण असा, की ते खवट होत नाही आणि वाळून चिकटही होत नाही. आता वाटले असेल, की प्रश्न मिटला. पण नाही!

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काळी दारू जाऊन धूर न करणारी नवी दारू आली. नळीत काजळी फारशी दिसेना. तरीही बंदुका गंजत, आणि कितीही पुसल्या तरी गंजत. ह्याचे कारण पहिल्या महायुद्धानंतरच्या संशोधनात स्पष्ट झाले. दोष दारूत नव्हता, काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी जी टोपी असते तिच्यात होता. तिच्यातले रसायन जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरत असे. शेतकरी बंधूंनो, हा पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणून जे खत तुम्ही पिकाला घालता, ते हेच. म्हणजे शेवटी पुन्हा क्षारच, आणि उपायही पुन्हा तोच. इंग्रजी फौजेत नरसाळे लावून नळीतून उकळते पाणी ओतण्याची रीत होती. मग दोरीला बांधलेली चिंधी नळीतून ओढायची, ती कोरडी निघेपर्यंत, आणि शेवटी तेलाची चिंधी. त्या काळच्या ली-एन्फील्ड रायफलीच्या दस्त्यात एक खाच असे. तिच्यात ही दोरी आणि तेलाची बाटली बसे. अपशिंग्यासारख्या साताऱ्याकडच्या गावांतून ज्यांच्या घरची माणसे पलटणीत गेली, त्यांच्या घरी 'पुलथ्रू' आणि 'चिंधी' हे शब्द नवे नसावेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून असा क्षार न सोडणाऱ्या टोप्यांचा प्रसार झाला आणि पाण्याची गरज कमी झाली.

तेल जास्त झाले तरी वाईट, हेही ह्याच पलटणींना वाळवंटात कळले. १९१५-१६ साली मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी होत्या. अशा मुलखात उडणारी धूळ तेलाला चिकटते आणि तेलाचा कालवा होऊन तोच यंत्राला घासतो. तिथे तेल लावून पुन्हा जवळजवळ कोरडे पुसावे लागते. कोकणात जे अमृत, ते वाळवंटात विष. म्हणून 'सर्वांत चांगले तेल कोणते?' ह्या प्रश्नाला एक उत्तर नाही. हवा कोणती, हत्यार कोणते आणि ते किती दिवस पडून राहणार, हे आधी विचारावे लागते.

आता आपल्या काळाकडे येऊ. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आणि बारावी जिंजी. त्यांत पन्हाळा आहे, विजयदुर्ग आहे, सिंधुदुर्ग आहे. ह्याशिवाय शेकडो लहान-मोठे गड आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांवर तोफा आहेत. काही नव्या लाकडी गाड्यांवर चढविलेल्या, काही गवतात पडलेल्या. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यातल्या दोन तोफा चाकांच्या गाड्यांवर उभ्या आहेत. पाहणारे त्यांच्या तोंडात हात घालून बघतात आणि पुढे जातात.

तरुण मंडळी आता गडांची सेवा करू लागली आहेत, हे फार चांगले. परंतु उत्साहाच्या भरात तोफ तारेच्या ब्रशाने खरवडणे, तिला आम्लाने धुणे किंवा वरून चकचकीत रंग देणे, ह्यांनी तिचे आयुष्य घटते. खरवडताना अक्षरे आणि खुणा जातात. रंगाखाली अडकलेला क्षार आत खात राहतो, तेलाखालच्या काजळीसारखाच. समुद्रकाठच्या लोखंडात तो खोलवर मुरलेला असतो. तो काढण्यासाठी जाणकार लोक तोफ महिनोन्‌महिने अल्कधर्मी पाण्यात ठेवतात, मग वाळवितात, टॅनिनचा लेप देतात आणि शेवटी काय लावतात, सांगा बरे? मेण! तीनशे वर्षांपूर्वीच्या आज्ञेतला शेवटचा हात आजच्या प्रयोगशाळेतही तोच आहे. म्हणून गडावर तोफ सापडली तर तिला हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावे, फोटो घ्यावा, मापे लिहून ठेवावीत. शिक्षकांनी सहलीला मुलांना तोफेचा कान दाखवावा आणि अमात्यांची ती आज्ञा तिथेच उभे राहून वाचून दाखवावी. वर्गात दहा तास सांगून जे कळणार नाही, ते तिथे पाच मिनिटांत कळेल.

आणि ज्यांच्या घरी तोफ नाही, बंदूक नाही, त्यांच्या घरी पाभर आहे, नांगर आहे, पेरणीयंत्र आहे, फवारणीचा पंप आहे. पेरणी संपली की खताचे कण चिकटलेले यंत्र तसेच गोठ्यात उभे राहते आणि पुढल्या मृगाला नळ्या कुजलेल्या निघतात. खतही क्षारच. तेव्हा पेरणीच्या दिवशीच यंत्र पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा आणि मग तेलाचा हात द्या. कोणी करायचे आणि केव्हा, तेही घरात ठरवून टाका. नाहीतर ते काम सगळ्यांचे होते आणि कुणीच करीत नाही. राज्य राखणाऱ्या माणसाला ही गोष्ट लिहून ठेवण्याइतकी मोठी वाटली. संसार राखणाऱ्याने ती लहान का मानावी?